कुंपण ओलांडणारी झाडं : पुदिना, दूर्वा, कढीपत्ता, वेडेलिया (नाशिक)

रानजाई · ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार. मखमलाबादला आमचं बैठं घर आहे. पुढे-मागे मिळून सहाशे-सातशे चौरस फूट माती असेल, अस्सल काळी. पावसात चपलेला चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

रात्रीच्या पावसानंतर आज सकाळी मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. तीन वर्षांपूर्वी बाजारातून आणलेल्या जुडीतल्या पुदिन्याच्या चार काड्या मी तुळशीवृंदावनाच्या कडेला खोचल्या होत्या. तो आता धुण्याच्या दगडापर्यंत पोचलाय. मधे मेथी-कोथिंबिरीचा वाफा होता, तो शोधावा लागतो. सासूबाईंनी गणपतीसाठी दूर्वा लावल्या होत्या, त्या शहाबादीच्या सांध्यासांध्यांतून वर आल्यात. कढीपत्त्याचं झाड एकच, पण त्याच्याभोवती आज तेवीस पिल्लं मोजली. २०२० मध्ये घरोघरी गुळवेल लागली तशी आमच्याकडेही लागली. ती पेरूवर अशी चढलीय की पेरूचा शेंडा दिसत नाही. कुंपणाच्या कडेला पिवळ्या फुलांचा वेडेलिया आहे. हिरवळीला पर्याय, पाणी कमी लागतं, कापायचा त्रास नाही, असं नर्सरीत सांगितलं म्हणून आणला होता. आता तो कुंपणाच्या जाळीतून पलीकडे गेलाय.

यातलं बहुतेक मला हवं आहे. पुदिना रोज लागतो, दूर्वा तर लागतातच. फक्त ज्यानं त्यानं आपापल्या जागेवर राहावं. तणनाशक मारणार नाही, त्याच मातीतलं आम्ही खातो. दर पंधरा दिवसांनी खुरपं घेऊन बसते, पण खुरपलं की आठवड्यात आणखी दाट येतं. माझं नेमकं काय चुकतंय?

---

कुंडीवाली · ९ जून, रात्री १०:२५

ताई, पुदिन्याला खुरपं लावताय तेच चुकतंय. पुदिना धावत्या खोडांनी पसरतो. काही खोडं मातीवरून जातात, काही चार-पाच बोटं खालून, पांढरट आणि सुतळीसारखी. त्यांच्या प्रत्येक पेरावर मूळही फुटतं आणि कोंबही. खुरप्यानं एका खोडाचे पाच तुकडे झाले की पाच रोपं लावल्यासारखंच. काळ्या मातीत तर तुकडे ओलाव्याला धरून बसतात.

मी इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहते, म्हणून माझं सगळं कुंडीत. पण नाशिकरोडला माहेरी अंगणात हाच प्रकार झाला होता आणि आईनं तो एका मोडक्या बादलीनं सोडवला. प्लास्टिकची जुनी बादली घ्यायची आणि करवतीनं तिचं बूड कापून टाकायचं. फूटभर खड्डा करून ती अशी पुरायची की काठ मातीच्या वर तीन बोटं उरेल. पुदिना त्या बादलीच्या आत लावायचा. बूड नसल्यामुळे पाणी खाली निचरतं, आणि पुदिन्याची खोडं उथळ चालतात म्हणून फूटभर भिंत त्यांना पुरते. वरची तीन बोटं मात्र सोडू नका. काठ मातीला समतल बसवला की वरून धावणारी काडी सहज बाहेर उतरते आणि महिनाभरात तुम्ही पुन्हा तिथेच. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा काठाभोवती हात फिरवायचा. बाहेर लोंबणारी काडी दिसली की कापून चटणीत.

बूड असलेली कुंडीच पुरायची असेल तर तीही चालते, पण खालच्या भोकातून मुळं निघतात. दोन महिन्यांनी कुंडी उचलून, फिरवून, निघालेली मुळं तोडायची. आळस केला तर कुंडी जमिनीला शिवली जाते आणि उचलताना फुटते. माझ्या आत्याकडे फुटलीय.

अजून एक. पुदिना एका जागी दोन-तीन वर्षं राहिला की मधे लाकडासारखा होतो, पानं बारीक पडतात आणि वासही उतरतो. दरवर्षी कोवळ्या काड्या काढून नव्या मातीत लावल्या की तुम्हाला चांगली पानं मिळतात आणि तोही हाताखाली राहतो. रुंद आणि उथळ भांडं घ्या, खोल कुंडीचा त्याला उपयोग नाही.

आता जो पसरलाय तो खुरपायचा नाही. माती ओली असताना हातानं एक टोक धरून हळूहळू उकलत जायचं. लांबच्या लांब खोड सुटून येतं.

---

निफाडकर · १० जून, सकाळी ६:१५

रानजाईताई, दूर्वा आणि हराळी एकच, हे आधी मनाशी पक्कं करा. देवाला वाहिली की दूर्वा, वावरात दिसली की हराळी. हराळी, लव्हाळा आणि कुंदा, या तिघांनी आमच्याकडच्या तीन पिढ्यांची कंबर वाकवली आहे.

हराळी जमिनीवरूनही पळते आणि खालूनही. खालचं जे कांडं असतं त्याला आम्ही काशी म्हणतो. वडील चैत्रात खोल नांगरट करायचे आणि ढेकळं फोडायची नाहीत म्हणून सांगायचे. ढेकळं वैशाखाच्या उन्हात तापली की आतल्या काशा वाळतात. मग घरातली लहानमोठी सगळी माणसं काशा वेचायला. वेचलेल्या काशा बांधावर टाकायच्या नाहीत, हा दंडकच होता. बांधावर टाकली तर पहिल्या पावसात बांध हिरवा, आणि पुढच्या सालात वावर. पाटीत भरून खळ्यावर कडकडीत वाळवायच्या.

तुमची उन्हाची वेळ या साली गेली. आता वाफशावर काम करा. मूठभर माती दाबली तर लाडू व्हावा आणि बोटानं टोकल्यावर तो फुटावा, तो वाफसा. त्याच्या आधी काळीत हात घातला तर चिखल, नंतर घातला तर दगड. वाफसा आला की कुदळीनं खालून उचकटा आणि काशी हातानं ओढा. तुटली की तिथेच थांबून उरलेलं टोक शोधा. घाई केलेली हराळी परत येतेच.

मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नका. हराळीला सावली सोसत नाही. लगेच ताग किंवा चवळी दाट पेरा. चवळीची भाजी खा, ताग फुलावर येण्याआधी कापून तिथेच पसरा. दोन महिने ऊन जमिनीवर पडलं नाही तर उरलेली हराळी पिवळी पडून मरगळते, मग वेचायला सोपी.

शहाबादीच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता. एकदा ओतून भागत नाही. वरचं करपतं, खालची काशी जगते आणि आठ दिवसांत कोंब काढते. तो कोंब दिसला की परत ओता. चार-पाच वेळा हे झालं की काशीतला साठा संपतो.

---

झटपट_बाग · १० जून, सकाळी ९:०५

एवढं कशाला? सांध्यांत आणि कडेनं जाडं मीठ टाका, वर व्हिनेगर शिंपडा. दोन दिवसांत सगळं साफ.

---

निफाडकर · १० जून, सकाळी ९:३०

मीठ नको हो. कळकळीनं सांगतो. अति पाण्यानं क्षार वर येऊन पांढऱ्या पडलेल्या जमिनी मी डोळ्यांनी पाहिल्यात. त्या पुन्हा पिकाखाली आणायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. काळ्या मातीचा निचरा आधीच मंद. तिच्यात घातलेलं मीठ कुठे जाणार? पावसाबरोबर सरकून तुळशीच्या नाहीतर पेरूच्या मुळाशी बसणार. व्हिनेगरनं पान जळतं, पण काशीला आणि पुदिन्याच्या खोडाला धक्का लागत नाही.

---

सुगरण_सिडको · १० जून, दुपारी २:१०

कढीपत्त्याचं मी सांगते, माझ्याकडे बावीस वर्षांचं झाड आहे.

पिल्लं दोन प्रकारची असतात आणि दोघांची वागणूक वेगळी. काळी पिकलेली फळं बुलबुल आणि कोकीळ खातात, त्यातून दूरदूर रोपं येतात. ती अलगद उपटली जातात, सोटमुळासकट. दुसरी मुळातून फुटलेली. ती झाडाच्या जवळपास असतात, आणि ओढली की वर तुटतात, खाली राहतात. तुटलं की तिथून दोन फुटतात.

म्हणून आधी कारण शोधा. कढीपत्त्याचं उथळ मूळ दुखावलं की त्या जखमेतून फुटवा येतो. ताई, दर पंधरा दिवसांनी तुम्ही झाडाखाली खुरपताय, तेवीस पिल्लांचं मूळ बहुधा तिथेच आहे. झाडाखाली खणणं अगदी बंद करा. वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट, जे मिळेल त्याचा चार बोटं थर द्या. पिल्लू काढायचं असेल तर भोवतीची माती हातानं बाजूला करून ते मुळाला जिथे जुळलंय तिथपर्यंत जा आणि तिथून खाली दाबत झटक्यात मोडा. कात्रीनं मातीबरोबर कापलं तर ते परत येतं.

फळं काळी होण्याआधी घोस काढून टाका, म्हणजे शेजाऱ्यांकडची रोपंही कमी होतील. दोन पिल्लं कुंडीत लावून कुणाला तरी द्या. मुळाचा तुकडा सोबत आला असेल तर जगतात.

अळूबद्दल कुणी विचारलं नाही, पण मोरीच्या पाण्यावर अळू लावलेली घरं नाशिकमध्ये खूप आहेत म्हणून सांगते. अळू पाण्यामागे चालतो. सांडपाण्याचा पाट जिथे जाईल तिथे कंद सरकतात. कंद उपसत बसण्यापेक्षा पाट वळवा. माझ्या आईनं दोन विटा लावून पाणी केळीकडे वळवलं आणि अळू आपोआप एका कोपऱ्यात आला. वडीचा अळू वेगळ्या जागी ठेवा, भाजीच्या अळूत मिसळला की पानं ओळखता येत नाहीत आणि वडी घशाला खाजते.

---

मातीचेपाय · १० जून, दुपारी ४:५०

लव्हाळ्याला काही उपाय? आडगावला नवा प्लॉट घेतलाय, भराव टाकून मिळाला. भरावातूनच आला असावा. वर तीन पानं, खाली गाठ.

---

निफाडकर · १० जून, सायंकाळी ७:२०

दादा, लव्हाळ्याच्या गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची गाठ तोडली की खालच्या जाग्या होतात, म्हणून अर्धवट खणणं सगळ्यात वाईट. चार-पाच पानांचा असतानाच काढा, नवी गाठ धरण्याआधी. दर दोन-तीन आठवड्यांनी, एकही फेरी न चुकवता, सबंध पावसाळा. दुसऱ्या पावसाळ्यात फरक दिसतो, पहिल्यात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पुढच्या एप्रिल-मेमध्ये जागा भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरा आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच. आतली माती इतकी तापते की वरच्या थरातलं तणाचं बी मरतं. खोल गेलेल्या लव्हाळ्याच्या गाठी मात्र त्यातून वाचतात. हराळीसारखीच लव्हाळ्यालाही सावली सहन होत नाही, म्हणून नंतर ताग.

---

तांबट · १० जून, रात्री ८:३५

धागा वाचून समाधान वाटलं. प्रत्येकानं आधी झाड कसं चालतं ते पाहिलं आणि मग उपाय सांगितला. खोडानं चालणाऱ्याला भिंत लागते, बियांनी चालणाऱ्याला वेळ सांभाळावी लागते. तुळस, सब्जा, गोकर्ण, कॉसमॉस यांना जमिनीत कितीही भिंत घाला, उपयोग नाही. मंजिरी तपकिरी होण्याआधी खुडा, शेंग वाळण्याआधी तोडा. रुएलियाची शेंग पाणी लागताच फुटते आणि बी काही फूट लांब उडतं, त्यामुळे पहिल्या पावसाच्या आधीच सगळ्या शेंगा काढाव्या लागतात. गवती चहा उलट प्रकारचा. तो पळत नाही, जागेवरच फुगतो. दोन-तीन वर्षांनी बेट उपटून चार भाग केले की झालं.

वेडेलियाबद्दल मला जास्त बोलायचं आहे. तो मूळचा मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींची जी यादी प्रसिद्ध आहे तिच्यात त्याचं नाव आहे. घाणेरी, म्हणजे टणटणी, आणि जलपर्णीही त्याच यादीत. हे तिन्ही देखणेपणासाठी मुद्दाम माणसानं आणलेले. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून भारतात आली. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या फुलांसाठी त्याच शतकाच्या अखेरीस आली. अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि सांडपाणी मिसळलेलं पाणी तिला फारच अनुकूल. गोदावरीवर उन्हाळ्यात पसरणारा तो हिरवा गालिचा तपोवनाच्या खाली आपण सगळेच पाहतो. तोच पुढे नांदूरमधमेश्वरपर्यंत जातो. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ती, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा. तिथे हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांना मोकळं पाणी लागतं.

वेडेलियाच्या खोडाला जमीन लागली की पेरापेरातून मुळं फुटतात आणि त्याच्या दाट चटईखाली दुसरं काही उगवत नाही. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची छोटी कंदवर्गीय वनस्पती आहे. ती तिथे सापडली म्हणून अंजनेरी तिच्या नावातच आहे. डोंगरपायथ्याच्या फार्महाऊसमध्ये कुंपणाला वेडेलिया लावलेला दिसला की मला तीच आठवते.

म्हणून रानजाईताई, एकच विचारतो. काढलेलं तुम्ही कुठे टाकता?

---

रानजाई · १० जून, रात्री ११:१०

तांबटदादा, तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कुंपणाकडेचा वेडेलिया एकदा कापून काढला होता. दोन गोण्या भरल्या. घंटागाडी त्या दिवशी येऊन गेली होती. माळीदादांनी विचारलं कुठे टाकू, आणि मी म्हणाले, मागे ओहोळात टाका, सुकून जाईल. माळीदादांचा काही दोष नाही, मी सांगितलं म्हणून त्यांनी टाकलं.

आज तुमचं वाचल्यावर टॉर्च घेऊन मागे गेले. पंधरा-वीस पावलं काठ पिवळ्या फुलांनी भरलाय. तिथे आधी तरवड होता, भाद्रपदात तेरडा फुलायचा. मुलगी लहान असताना तेरड्याच्या बोंडांना हात लावायला मी तिला तिथेच न्यायचे, ती फुटली की ती टाळ्या वाजवायची. तो तेरडा आता दिसत नाही. ओहोळ गोदेला मिळतो. मोठा पाऊस झाला की काठ तुटून तुकडे वाहत जाणार हे मलाही कळतंय.

अंगणाचं नंतर बघू. हे आधी काढायचं आहे. कसं काढू तेवढं सांगा.

---

तांबट · १० जून, रात्री ११:४०

ताई, तुम्ही पाहिलंत आणि काढायला निघालात. वीस पावलं म्हणजे माणसांच्या हातानं होण्यासारखं काम आहे, आणि जोराचा पाऊस अजून लागलेला नाही. उशीर झालेला नाही.

पद्धत अशी. पाण्याकडच्या कडेपासून सुरुवात करा, म्हणजे तुटलेला तुकडा पाण्यात पडणार नाही. दोघांनी चटई गुंडाळतात तसं एका टोकापासून गुंडाळत वर यायचं. एकानं उचलायचं, दुसऱ्यानं खाली धरून बसलेली मुळं सोडवायची. कोयता किंवा गवत कापायचं यंत्र वापरू नका, प्रत्येक तुकडा उगवतो. खाली जुनी चादर किंवा ताडपत्री अंथरून सगळं तिच्यात भरा. हातमोजे आणि गमबूट घाला, काठाला दगडांच्या फटीत काय असेल सांगता येत नाही.

एका फेरीत संपत नाही. तीन-चार आठवड्यांनी हिरवे कोंब दिसतील, तेव्हा पुन्हा जा. मग पुन्हा. पावसाळाभर चार फेऱ्या धरून चाला.

काढलेलं ओलं असताना कंपोस्टमध्ये टाकू नका. पुदिना, हराळी, वेडेलिया, गुळवेल, कशाचाही ओला तुकडा घरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये आरामात जगतो, कारण तो ड्रम तेवढा तापत नाही. गच्चीवर फरशीवर पातळ पसरा, माती झटकून. ऊन नसेल तर काळ्या पिशवीत तोंड बांधून ठेवा, महिन्याभरात सडून लगदा होतो. मग खुशाल खतात घाला.

---

देवळालीकर · ११ जून, सकाळी ७:००

गुळवेलीबद्दल थोडक्यात. खालून बुंधा कापून वेल झाडावरच वाळेल म्हणून सोडू नका. कापलेली गुळवेल वाळत नाही. वरच्या तुकड्यातून दोऱ्यासारखी बारीक मुळं हवेत लोंबत खाली येतात आणि जमिनीला टेकली की वेल पुन्हा उभी. मी पाहिलंय, आमच्या आंब्यावर. सबंध वेल उतरवून घ्या. पेरूच्या फांद्या मोडू नयेत म्हणून हात-दीड हाताचे तुकडे करत उतरवा आणि तुकडे मोजून गोळा करा. ठेवायची असेल तर एखाद्या लोखंडी खांबावर ठेवा, झाडावर नको.

---

कुंडीवाली · ११ जून, सकाळी ८:१५

रानजाईताई, रविवारी सकाळी मी येते, माझी ताडपत्री घेऊन. मला पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

---

सुगरण_सिडको · ११ जून, सकाळी ८:४०

मीही. पोहे करून आणते.

---

रानजाई · १६ जून, रात्री ९:२०

आज सकाळी साडेसहा ते अकरा. आम्ही तिघी, माझे यजमान आणि शेजारची दोन मुलं. अकरा गोण्या निघाल्या. वरच्या बाजूला माती दिसली तेव्हा ती पांढरट, मेल्यासारखी वाटली, पण एका ठिकाणी तरवडाचा जुना बुंधा जिवंत सापडला, त्याला दोन कोंब आहेत.

गोण्या गच्चीवर पसरल्यात. कुंपणाकडेचा सगळा वेडेलियाही आजच काढला. ती जागा मोकळी ठेवायची नाही म्हणून निफाडकरदादांनी सांगितल्याप्रमाणे चवळी पेरली.

---

रानजाई · १४ जुलै, दुपारी ३:४५

दुसरी फेरी झाली. काठावर बरेच कोंब होते, बहुतेक दगडांच्या फटीत. यावेळी दीड गोणी. मधे एकदा जोरात पाऊस झाला, त्यामुळे खालच्या अंगालाही चालत जाऊन पाहिलं. दोनशे पावलांवर एका बाभळीच्या मुळाशी अडकलेला एक तुकडा रुजला होता, तो काढला. त्याच्या पुढे दिसला नाही.

अंगणात पुदिना उकलायला चार संध्याकाळी लागल्या. कुंडीवालीताई म्हणाल्या तसं ओल्या मातीत एक टोक धरून ओढलं तर एक खोड माझ्या हातापेक्षा लांब निघालं. आता तो बूड कापलेल्या दोन बादल्यांत आहे. एका बादलीचा काठ मी दोनच बोटं वर ठेवला होता. काल त्यावरून एक काडी उतरून मातीला टेकलेली दिसली. बादली पुन्हा उकरून वर घेतली.

कढीपत्त्याखाली खुरपणं बंद करून महिना झाला. पाचट घातलंय. नवीन पिल्लू एकही नाही. जुन्या तेवीसपैकी नऊ मुळापासून निघाली, बाकीची हळूहळू काढते.

एक प्रश्न. शहाबादीच्या सांध्यांत उकळतं पाणी तीन वेळा झालं, तरी वृंदावनाच्या जवळचे दोन सांधे दाद देत नाहीत. तिथे तुळशीची मुळं असतील म्हणून जास्त ओतायला हात धजत नाही.

---

निफाडकर · १४ जुलै, सायंकाळी ७:३०

तिथे ओतू नका. त्या दोन फरशा पहारीनं उचला, खालची काशी हातानं काढा आणि फरशा परत बसवा. सांध्यात चुना-सिमेंट नको असेल तर बारीक खडी दाबून भरा. खडीत परत आली तरी अलगद उपटता येते. काम तासाभराचं आहे. आमच्या अंगणात आम्ही हेच केलंय.

सासूबाईंच्या दूर्वांचं काय केलंत? सगळ्या उपटल्या का?

---

रानजाई · १५ जुलै, सकाळी १०:०५

नाही दादा. त्यांनी माहेराहून, दिंडोरीहून आणलेल्या दूर्वा आहेत त्या. पसरलेल्या काढताना एक ओंजळभर मुळासकट वेगळी ठेवली आणि पसरट कुंडीत लावली. ती कुंडी वृंदावनाच्या कट्ट्यावर दगडी पाट्यावर ठेवलीय, म्हणजे भोकातून निघालेलं मूळ मातीला पोचणार नाही. सासूबाईंनीच जागा दाखवली.

---

मातीचेपाय · २ ऑगस्ट, रात्री ९:००

लव्हाळ्याच्या तीन फेऱ्या झाल्या. फारसा फरक नाही. पण दुसऱ्या पावसाळ्याचं आधीच सांगितलंय म्हणून धीर धरून आहे. अर्ध्या प्लॉटवर ताग कमरेएवढा झालाय, त्याच्याखाली लव्हाळा फिकट आणि विरळ दिसतो. उघड्या अर्ध्यात जसाच्या तसा.

---

निफाडकर · ३ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मग उरलेल्या अर्ध्यातही ताग टाका. अजून वेळ आहे.

---

रानजाई · ५ सप्टेंबर, रात्री ८:१५

उद्या हरतालिका. आज सासूबाईंनी कुंडीतल्या दूर्वांचे कोवळे शेंडे खुडले, तीन पानांचे, आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधल्या. सात झाल्या. कुंडीवालीताई आणि सुगरणताई, दोन-दोन तुमच्यासाठी ठेवल्यात. मुळाचा एकही तुकडा नाही, मी पाहून घेतलंय.

ओहोळाच्या काठाची तिसरी फेरी गेल्या रविवारी केली. सतरा कोंब. मोजले, कारण पुढच्या वेळी किती कमी ते कळायला हवं. तरवड गुडघ्याएवढा झालाय. आणि वरच्या अंगाला, जिथे माती पांढरट होती तिथे, तेरड्याची पाच-सहा रोपं उगवलीत. एकाला बोंडं धरलीत. मुलगी आता कॉलेजात आहे, पण तिला फोटो पाठवला तर तिनं सांगितलं, फोडायची राहू दे, मी शनिवारी येते.

चौथी फेरी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी. सकाळी साडेसहा.

---

सुगरण_सिडको · ५ सप्टेंबर, रात्री ८:५०

येते. पोह्यांबरोबर या वेळी तुमच्या बादलीतल्या पुदिन्याची चटणी हवी.